सतराव्या दिवसाच्या बाई

बाई ‘गर्भाशय’ हा शब्द ज्या आवाजात उच्चारायच्या, त्या आवाजात आमच्याकडे फक्त कंडक्टर गावाचं नाव पुकारतो. चारा छावणीत पहिल्याच दिवशी त्या पन्नास-साठ गडीमाणसांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गाय उलटते म्हणजे काय होतं ते सांगते. आधी गर्भाशय समजून घ्या.” पुढे बसलेल्या सोसायटीच्या चेअरमननी टोपी काढून तिच्यात तोंड घातलं. मागची चौघं-पाचजणं वैरण बघून येतो म्हणून उठली, ती आलीच नाहीत.

दुष्काळाचं साल होतं. नेकनूरकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीनं माळावर छावणी घातली होती. मी सोसायटीत दुधाचं फॅट तपासायचे. दूधच आटल्यावर मला छावणीत ढोरांची यादी लिहायला बसवलं. बाई सरकारी ढोरांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, लुनावरून यायच्या. उजव्या हातात खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा, डाव्या हातात चहाची बशी, आणि दोन्ही कामं एकदम चाललेली.

गाय भरवल्यावर, म्हणजे तिला रेतन केल्यावर, त्या मालकाला एकच सांगायच्या, “सतरा दिवस तिला जीव लावा, उन्हात ठेवू नका.” का, असं विचारलं की काडीनं धुळीत चित्र काढायच्या. “तोवर गर्भ म्हणजे नुसता एक दोरा असतो. पिशवीला चिकटलेलासुद्धा नसतो. पण तो एक रस सोडतो. ‘मी आलोय’ असा तो निरोप. सोळा-सतरा दिवसांत निरोप पोचला, तर पिशवी त्याला ठेवून घेते आणि मग तो हळूहळू चिकटतो. नाही पोचला, तर पिशवी समजते की कुणी आलंच नाही, आणि एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर. तेच उलटणं.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा चेअरमननी टोपीतून तोंड बाहेर काढलं. “म्हंजी अर्ज मुदतीत यायला पायजे.”

“हो. आणि तिथं वशिला चालत नाही.”

तेव्हापासून गावानं त्यांना सतराव्या दिवसाच्या बाई केलं. पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, “तेरावा ठाव हाय, ह्यो सतरावा कुनाचा?”

आमची चंद्री तीनदा उलटली होती. चौथ्यांदा तिला भरवायला आणली तेव्हा सासूबाई दावणीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या, “गाय बी वांझ अन् सून बी वांझ. एकाच सालात आनल्या दोगी.” माझे दोन गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गेले होते. मी वहीत मान घातली आणि चालू असलेला आकडा उगाच गिरवत बसले.

बाईंनी मोजा उतरवला, हात धुतले आणि सासूबाईंना पेंढीवर बसवलं. “आजी, तो शब्द या छावणीत नको. कितीतरी गर्भ असे जातात. पिशवीसुद्धा रोज तयार नसते, थोडेच दिवस तिचं दार उघडं असतं. दोघांचं जुळावं लागतं. कधी दोराच अशक्त असतो, आणि तो अर्धा बापाचा असतो.”

“बापाचा बी?” सासूबाई दचकल्याच.

“अर्धा.”

“म्हंजी माजा पोरगा...”

“मी ढोरांची डॉक्टर. माणसांना अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. पण दोघांना.”

तिसऱ्या दिवशी सासूबाई भाकरी वाढता वाढता माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “सोमवारी हिच्यासंगं तू बी जायचं. कावून म्हनू नको. अर्धा तुजा आस्तो.” त्याचा घास हातातच राहिला.

चंद्रीचा सतरावा दिवस नेमका जिल्ह्याहून मोठे साहेब छावणी बघायला येणार त्याच दिवशी आला. चेअरमननी पाहुण्यांसाठी कापडी मांडव घातला होता. ऊन असं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. सकाळी येऊन बघतात तो मांडवात खुर्च्या नाहीत, नुकत्याच भरवलेल्या नऊ गाई रवंथ करताहेत आणि बाई त्यांच्या पाठीवर ओली पोती टाकताहेत.

“म्याडम, मांडव साहेबांसाठी हाय!”

“साहेब किती दिवसांचे गाभण आहेत?”

तेवढ्यात गाड्या आल्या. साहेब उन्हात उभे. चेअरमन घामानं निथळत होते, त्यातला उन्हाचा घाम कमी. गाईंना मांडवात कुणी बांधलं, असं साहेबांनी विचारलं, आणि बाईंनी सरळ माईक घेतला. दोरा, निरोप, दार, सगळं झालं. ‘गर्भाशय’ या शब्दावर कर्णा किंचाळला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गाई ऱ्हाऊ द्या तिथंच. मी उन्हात बोलतो, म्हंजी लवकर आटपंल.” ते चार मिनिटांत आटपलं. तेवढ्या टाळ्या त्या भाषणाला त्याआधी कधी मिळाल्या नसतील.

एकविसाव्या दिवशी चेअरमन स्वतः चंद्रीसमोर ठाण मांडून बसले. ती हंबरली की दचकून उठायचे. ती माजावर आली नाही. पुढं पाऊस झाला, छावणी उठली आणि चंद्रीला कालवड झाली.

आमच्या अंबाजोगाईच्या खेपा दीड वर्ष चालल्या. मला मुलगी झाली तेव्हा बाईंची बदली होऊन गेली होती. कुणाकडून तरी कळलं म्हणून त्या एसटीनं आल्या. बाळाला उचललं, हिरड्या बघितल्या, पाय ताणून बघितले आणि म्हणाल्या, “उत्तम आहे. वासरू असतं तर एव्हाना उभं राहिलं असतं.” सासूबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की बाळ रडायला लागलं. जाताना त्यांनी बाईंच्या पिशवीत शेंगा भरल्या, बाईंनी काढून ठेवल्या, सासूबाईंनी परत भरल्या. असं एसटी येईपर्यंत चाललं होतं.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. आम्हाला ते दोन महिन्यांनी, ढोरांच्या दवाखान्यातल्या शिपायाकडून कळलं. सासूबाईंनी निवडायला घेतलेली ज्वारी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “मातीला कुनी व्हतं का गं बाईच्या? घरी कोन कोन हाय त्यांच्या?”

मला सांगता येईना. इतके महिने रोज त्यांच्या शेजारी बसून गावातल्या एकेका गाईची माहिती मी लिहून घेतली होती. बाईंना मात्र कधी काही विचारलंच नव्हतं.