खिडकीतला कप

गणोरकर संपादक प्रूफ उभ्यानेच वाचत, आणि तेही मोठ्याने. बसून वाचलं की चुकाही निवांत बसून राहतात, असं त्यांचं म्हणणं. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, कमानिया गेटजवळच्या छापखान्यातून त्यांचं मराठी साप्ताहिक निघे. मी तिथे खिळे जुळवायचो. बातमी घेऊन कोणी आलं की त्यांचा एकच सवाल, "अच्छा, तुमी सोता पाह्यलं का? पाह्यलं तेच छापतो आपण."

एका आठवड्यात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावर अग्रलेख लिहिला. गोऱ्यांचे बाक वेगळे, काळ्यांचे वेगळे. लेख इतका पोटतिडकीने लिहिलेला, की जुळवताना माझेच डोळे भरून आले. तेवढ्यात चहा आला. सगळ्यांचे कप ट्रेमध्ये, माझा खिडकीत. आम्ही नागपूरकडचे बौद्ध. दांडी तुटलेला तो कप मीच धुवायचा, ही रीत पहिल्या दिवसापासूनची. नोकरी जाईल या धास्तीने सहा वर्षं मी चकार शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी मात्र काय संचारलं कोण जाणे. प्रूफ द्यायला गेलो तो कप हातात घेऊनच.

"हा काहून आणला, भैया?"

"साहेब, आफ्रिका तं तुमी पाह्यली नाही. हा कप रोज पाहून राहिले."

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मटकन खाली बसले. हातात प्रूफ असताना त्यांना बसलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तिथेच बसून त्यांनी अग्रलेखाखाली दोन ओळी लिहिल्या : 'असाच वेगळा कप आमच्या छापखान्याच्या खिडकीत सहा वर्षं आहे. मी तो रोज पाहिला आणि छापला नाही.'

"साहेब, लोक पेपर बंद करतील," मी घाबरून म्हणालो.

"करू दे. चलो, जुळव."

अंक वाचकांच्या घरी पोचला आणि पुढचे अंक परत येऊ लागले. असे कप बहुतेकांच्या खिडकीत होतेच. तुटक्या कपात आता संपादक स्वतः चहा पीत. मी ट्रेमधला कप घेई. वर्षाच्या आत साप्ताहिक बंद पडलं. माझी नोकरी गेली, त्यांची रोजीरोटी. पुढे मी फॅक्टरीत लागलो, ते शिकवण्या घेऊ लागले. भेटले की विचारत, "चहा कुठं प्यायचा, बोल."

गेल्या महिन्यात तिलवाऱ्याला नर्मदेकाठी त्यांना निरोप दिला. फार एकटं वाटलं. ते गेल्याची बातमी छापायला त्यांचं साप्ताहिक नाही, म्हणून हे मी लिहिलं. पाहिलं तेवढंच लिहिलं, आणि उभ्याने वाचून पाहिलं.