डाव्या हाताचं दुखणं

अव्वा आज ठीक आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगीच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. माझी मान खाली जाते ती वेगळ्याच गोष्टीनं.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर उदगीरकडचं, तिकडं आईला अव्वाच म्हणतात. माझं लातूरला भांड्यांचं दुकान आहे. तीस वर्षं गादीवर बसून कंबर कामातून गेली. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेवटी एका ओळखीच्यानं ध्यानाच्या वर्गाला ढकललं. आठ रविवार. डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचं, आणि दुखणं आलं तर त्याच्याशी भांडायचं नाही, ते कुठं आहे, कसं आहे, एवढंच बघायचं. मला वाटलं, हे कसलं सोंग. पण खोटं कशाला बोलू, गुण आला. कंबर दुखायची काही थांबली नाही, पण त्या दुखण्यापायी मी जी दिवसभर चिडचिड करायचो ती उतरली. रात्री झोप लागायला लागली.

तिथंच गप्प बसायचं होतं. पण मी पडलो दीडशहाणा. ज्याला त्याला शिकवत सुटलो. पातेलं घ्यायला आलेल्या बाईलासुद्धा स्वतःच्या गुडघ्याकडं कसं बघायचं ते ऐकवायचो. बाई पातेलं न घेताच जायची.

अव्वा रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसते, आम्ही लिंगायत. हात छातीसमोर आणि नजर लिंगावर. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून तिचा हा नेम आहे, चहासुद्धा त्यानंतर. म्हणजे मी आठ रविवारांत जे शिकलो ते ती साठ वर्षं करून राहिली होती. हे माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

एका सकाळी पाहिलं तर तिनं डाव्या कोपराखाली उजव्या हाताचा टेकू दिला होता. मी विचारलं, तर म्हणाली, "हात लई दुखून राहिलाय रे. खांद्यापासून खालपर्यंत. जिना चढले की जास्तच."

"टेकू काढ," मी म्हणालो. "दुखण्यापासून पळायचं न्हाई. नुसतं बघायचं."

तिनं मुकाट्यानं उजवा हात काढला. डावा हळूहळू खाली यायला लागला. मी शेजारी बसून मोबाईलवर वीस मिनिटं लावली आणि ती पुरी होईपर्यंत तिला हात खाली घेऊ दिला नाही. नंतर तर रोजच तसं करू लागलो.

बायको म्हणाली, "म्हातारं माणूस आहे, डावा हात दुखतोय. एकदा दवाखान्यात दाखवा." मी तिच्यावर खेकसलो, "तुला काय कळतं यातलं?" वास्तविक वर्गात पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, नवं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, ध्यान नंतर. ते मी विसरलो नव्हतो. अव्वा माझं ऐकून बरी व्हावी आणि मला चार लोकांत ते सांगता यावं, ही हौस होती. लिहायला लाज वाटते, पण हौसच होती.

तीन आठवडे हे चाललं. "बघतीस ना?" असं विचारलं की ती म्हणायची, "हाव, बघून राहिले." दुखणं कमी झालं का, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग एक दिवस पूजेत तिला दरदरून घाम फुटला. तिनं लिंग नीट वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आता न्हाई बघवत."

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदयाचं दुखणं होतं. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "आज सकाळपासून."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "बरं केलंत, लगेच आणलंत."

आणि मी मान डोलावली. बायको बघत होती.

बाहेर बाकावर मी दहा मिनिटं बसलो असेन. मग परत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, टेकू काढायला लावला तेसुद्धा. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावरचं खोडलं, "तीन आठवडे" असं लिहिलं आणि घाईनं आत गेले.

अँजिओप्लास्टीला नेण्याआधी दोन मिनिटं भेटू दिलं. "सांगितलंस?" अव्वानं विचारलं.

"हाव."

"कशाला? मी झाकलं होतं की."

"अव्वा, माझं चुकलं," मी म्हणालो. मला रडू फुटलं. तिनं ते मनावर घेतलं नाही. "छातीत लई दुखून राहिलंय. ते कसं बघायचं म्हणाला होतास, पुन्हा सांग."

माझं मन राखायला तिनं ते विचारलं, की तिला खरंच हवं होतं, हे मला अजून ठाऊक नाही आणि विचारायचं धाडसही झालेलं नाही. तिनं थोडी वाट पाहिली. मग डोळे मिटले.

"राहू दे," ती म्हणाली. "मला येतंय. तू नुसता बस."