काळ्या गाडीवरचे ओरखडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. चौथीनंतर वहीशी माझा संबंध तरी कुठे आला? तरी लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगता येईल असं वाटतं.

मी दिव्याला राहते. बाळकुमला एका गॅरेजात गाड्या चमकवायच्या कामाला जाते. सुशीलाताई तिथेच, खडवलीहून येते. माझ्यापेक्षा मोठी. मला चार माणसांत बोलता येत नाही, तर माझ्या वाटणीचं तीच बोलायची. शेठने मला काही विचारलं की म्हणायची, "तिला काय विचारता, ती काय आमदार आहे भाषण द्यायला?"

आधी काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. की मीच वेळ काढते आहे? गाडी धुतली की ओल्या पत्र्यावर क्लेचा गोळा फिरवतात. कणकेसारखा मऊ असतो, रंगाला चिकटलेली घाण ओढून घेतो. मग गाडी पुन्हा शॅम्पूने धुवायची, मऊ कपड्याने पुसायची, आणि शेवटी वॅक्स. वॅक्स लागेपर्यंत रंग अगदी उघडा असतो, तान्ह्या बाळाच्या अंगासारखा. म्हणून नियम एकच — कपडा खाली पडला तर तो परत गाडीला लावायचा नाही.

त्या दिवशी काळी गाडी होती. क्ले ताईने फिरवला, धुतलीही तिनेच. पुसायला मी. ताईच्या हातात हिरवा चुडा होता, चार दिवसांपूर्वी लेकीच्या लग्नात भरलेला. कामावर बांगड्या चालत नाहीत, पण तिने वरून फडकं गुंडाळलं होतं आणि शेठने बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

पुसून झाल्यावर शेठने दिवा धरला. बॉनेटवर ओरखडे — बारीक, गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारखे. गाडीवाला शेजारीच उभा. शेठने ताईच्या हाताकडे पाहिलं. फडकं सुटून दोन बांगड्या बाहेर आल्या होत्या. तो ओरडला नाही. आत्ता काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नको, एवढंच म्हणाला.

"पोरगी पाचपरतावनाला माहेरी येईपर्यंत तरी राहू दे, शेठ," ताई म्हणाली. तो केबिनमध्ये निघून गेला.

आम्ही नळावर गेलो. मी तिच्या हातावर शॅम्पू ओतला, बोटं दाबून धरली, एकेक बांगडी ओढली. शेवटच्या तीन निघेनात. बांगडी फोडली म्हणत नाहीत आपल्याकडे, वाढवली म्हणतात. तिने नळाच्या कट्ट्यावर त्या वाढवल्या. आधी मला म्हणाली, "तू तोंड फिरव गं, तुला बघवायचं नाही."

मी तोंड फिरवलं.

कपडा माझ्या हातातून पडला होता. ओल्या फरशीवर, वाळूत. दुसरा केबिनच्या कपाटात होता, आणि आत गाडीवाला बसला होता. त्याच्यासमोरून जाऊन कपाट उघडायचं — मला लाज वाटली. घरी झटकतो तसा मी तो दोनदा झटकला आणि पुसत राहिले. बांगडी लागली तर एक सरळ रेघ उमटते. गोल तर माझा हात फिरत होता. हे मला नंतर कळलं का? नाही. शेठने दिवा धरला तेव्हाच कळलं होतं. नळावर तिची बोटं दाबताना ठाऊक होतं.

याला तीन वर्षं झाली. आता नव्या बायका आल्या की काम मीच शिकवते. तेवढं बोलता येतं मला. पहिल्या दिवशी सांगते, बांगड्या घालून यायचं नाही, मागे एकीच्या बांगड्यांनी गाडी खराब झाली होती. नाव घेत नाही.

सुशीलाताई जवळच असते. आपला मोकळा हात वर करून त्यांना दाखवते आणि हसते. "ती एक म्हणजे मीच गं बायांनो."

मग त्याही हसतात. आणि मी पुढचं काम शिकवायला घेते.