बहिणीचा फ्रॉक

आईनं बाप्तिस्मा घ्यावा म्हणून आमच्या लातूरच्या मंडळीनं किती प्रार्थना केल्या, देवालाच ठाऊक. दर रविवारी आई सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की तिचं एकच म्हणणं, "पोरीला टाकून मी एकलीच तरून जाऊ व्हय?"

ती पोर म्हणजे माझी थोरली बहीण. मी पोटात असताना रेणापूरकडच्या शेतातल्या विहिरीत बुडून गेली. बाप्तिस्मा न होताच गेली, म्हणून तिचं तारण झालं का नाही, हा आईच्या जिवाला कायमचा घोर. खरं सांगते, मला त्या बहिणीचा लई राग यायचा. जित्या लेकीपेक्षा मेलेलीचंच कौतुक!

पास्टर बिचारे समजावून थकले. "येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला कुठं बाप्तिस्मा मिळाला होता, आई? तरी गेलाच ना तो प्रभूबरोबर? अन् तुमचं तर लेकरू होतं. देव काय पाण्याला बांधलेला हाय?"

"मग मला कशाला पाण्यात बुडवायलात?" आई म्हणाली. 

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आईचं हृदय कमजोर झालंय म्हणून सांगितलं. घरी येताना ऑटोतच ती म्हणाली, "घेते बाप्तिस्मा. पण त्याच विहिरीत."

शेतमालकानं हो म्हटलं. भर दुपारी आम्ही मोजकी माणसं पायऱ्या उतरलो. वर ऊन नुसतं रखरखत होतं, आणि खाली पाय ठेवला की अंगावर काटा येत होता. एवढी जुनी विहीर, पण एक पारवा घुमत नव्हता. आमच्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याचे कोरडे कपडे घरातलं कुणीतरी धरून उभं राहतं. ते काम माझ्याकडे. पिशवीत टॉवेल होता, पांढरी साडी होती, आणि साडीखाली एक पिवळा फ्रॉक. थोरलीचा. मी तो पुन्हा साडीखाली सारला.

पास्टरांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं आईला पाण्याखाली नेलं. वर काढायला गेले, तर आई वर येईना. चिमणीएवढी माझी आई! पास्टरांच्या मानेच्या शिरा ताणल्या. मी किंचाळणार, एवढ्यात ती वर आली. पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "लई जड..." एवढंच पुटपुटले.

"तिचे कपडे दे," आई मला म्हणाली. मी फ्रॉक दिला. तिनं तो पाण्यालगतच्या पायरीवर पसरला. "आता सगळे पाठ फिरवा. बदलू द्या तिला."

बाई कपडे बदलताना सगळ्यांनी पाठ फिरवून गाणं म्हणायचं, ही आमची रीतच. पण कुणासाठी फिरवायची? मला वाटलं पास्टर आता रागावतील. मेलेल्यांचा बाप्तिस्मा नसतो, हे त्यांनीच शंभरदा सांगितलेलं. पण सगळ्यांच्या आधी त्यांनीच पाठ फिरवली आणि गाणं धरलं. गाताना मागं पाणी डुचमळलं. मग ओल्या पायांचा आवाज आला, पायरीवर, अगदी हलका. आई तर माझ्या शेजारीच उभी होती, माझा दंड घट्ट धरून.

गाणं संपलं. फ्रॉक होता तिथंच होता, कोरडा ठणठणीत.

आईनं तो उचलला, छातीशी धरला आणि हसता हसता रडायला लागली. "अगं बाई! हा कसा बसंल तिला? तुझ्याहून थोरली हाय ती. वाढली की तिकडं! माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं."

इतक्या वर्षांचा माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. मी माझी ओढणी काढली, पायरीवर पसरली आणि सगळ्यांना म्हणाले, "पुन्हा एकदा पाठ फिरवा."