विमानाला दही

पहिलं रंगवलेलं विमान पाहायला कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावणं होतं, म्हणून आम्ही बेगमपेटच्या विमानतळावर गेलो. शामियाना होता, बँड होता. मंत्री उशिरा आले, तोवर बँडवाल्यांनी त्यांना येत असलेली दोन्ही गाणी पुन्हापुन्हा वाजवली. विमानाच्या पंख्याला झेंडूचा हार घातला होता. मंत्री म्हणाले, हा केवळ रंग नाही, ही नव्या राष्ट्राची ओळख आहे. मी नंतर जवळ जाऊन पाहून आले. केवळ रंगच होता, आणि पंखाच्या मुळाशी एक ओघळही आला होता.

आमच्या हैदराबाद संस्थानची एक विमान कंपनी होती. तिच्या विमानांच्या पोटावरून शेपटीपर्यंत हिरवा पट्टा जायचा. सरकारने देशातल्या सगळ्या कंपन्या एकत्र करून एकच मोठी कंपनी केली, आणि हिरवे, तांबडे, पिवळे सगळे पट्टे खरवडून सगळ्या विमानांना सारखा निळा रंग दिला. माझा थोरला भाऊ या विमानांवर रेडिओ ऑफिसर होता. त्याला आम्ही दादा म्हणत असू. त्यामुळे हा रंग म्हणजे आमच्या घरचा मामला होता.

बाबा महसूल खात्यात होते. जन्मभर घरी मराठीत भांडून दफ्तरात उर्दूत टिपणं लिहिणारा माणूस. त्यांनी परतताना बसमध्येच निकाल दिला, "हा निळा दवाखान्यातल्या बाकांचा आहे. लग्नानंतर बायकांनी नाव बदलावं हे समजतं. विमानांना कोणी सासरी पाठवलं?"

दादा म्हणाला, "मला आवडला. स्वच्छ दिसतो."

"तू पगार कोणाचा खातोस ते कळलं," बाबा म्हणाले.

आई बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्यापुढचा प्रश्न निराळा होता.

प्रवासाला निघालेल्याच्या हातावर दही घालायची आमच्याकडे रीत. पण दादाला न्यायला कंपनीची गाडी अंधारातच यायची. तेव्हा आईची आंघोळ झालेली नसे, आणि पारोशाने दह्याला हात लावणं तिला शक्य नव्हतं. मग तिने स्वतःच तोडगा काढला. आंघोळ करून ती दह्याची वाटी घेऊन जामबागच्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर जाई. सकाळची विमानं आमच्या डोक्यावरूनच वळायची. हिरवा पट्टा दिसला की ती आपल्या तळहातावर दही घेई, हात क्षणभर विमानाकडे उंच करी, आणि दादाच्या वतीने ते दही स्वतः खाई.

"अगं, ते त्याला पोचतं का?" बाबा विचारत.

"श्राद्धाचं पोचतं, मग दही का पोचणार नाही?"

"श्राद्धाचं मेलेल्यांना पोचतं!"

"शुभ बोला हो, मुलगा वर आहे."

इतर कंपन्यांची विमानंही तिकडूनच जात, पण त्यांचे पट्टे निराळे. आई त्यांच्याकडे वळूनही पाहत नसे. संध्याकाळी दादा आला की ती विचारी, "दिसले का रे मी?" तो म्हणे, "दिसलीस की. हात वर केला होतास."

निळा रंग लागला आणि आईची पंचाईत झाली. आता प्रत्येक विमान दादाचं असू शकत होतं. पहिले काही दिवस तिने वेळेवरून ओळखायचा प्रयत्न केला, पण नव्या कंपनीत वेळाही बदलल्या, आणि मुख्य म्हणजे त्या पाळल्या जात नव्हत्या. मग तिने सरळ प्रत्येक विमानाला दही द्यायला सुरुवात केली. तिला सर्दी झाली, खोकला झाला, तरी वाटी चालूच. शेजारी वकीलसाहेब राहत. बाबांचे दोस्त. ते कौलांवर चढलेला बोकड पाहावा तसे त्यांच्या गच्चीवरून हे पाहत आणि ओरडत, "भाभी, अब तो पूरे हिंदुस्तान के जहाजां कू दही लगता! एक भैंस पाल लेव!"

आई खोकत खोकत हसायची. म्हणायची, "यातलं एखादं त्याचं असेलच ना भाईसाहेब."

एकदा जिन्यात दादाने मला थांबवलं. "तिला हे बंद करायला सांग. आजारी पडेल."

"तूच सांग. तुला ती वरून दिसते."

तो म्हणाला, "माझी जागा वैमानिकांच्या मागे असते. उड्डाणाच्या वेळी तोंड यंत्राकडे, कानांवर हेडफोन. खिडकी आहे, पण माझी पाठ असते तिच्याकडे. मला आपली गच्ची एकदाही दिसलेली नाही."

"मग तिला सांगतोस ते?"

"हात वर करते एवढं मला बाबांनी सांगितलं होतं."

मी आईला काही सांगितलं नाही. सांगून तिने गच्ची सोडली नसती, फक्त संध्याकाळचा प्रश्न सोडला असता.

नव्या कंपनीला रंगानंतर माणसं सारखी करायची होती. कलकत्त्याची माणसं मद्रासला, मद्रासची दिल्लीला. दादाची बदली कलकत्त्याला झाली. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमान गेलं, आणि आई स्वयंपाकघरातच बसून राहिली. त्या दिवसापासून दही आमच्या पानात परत आलं. कोणी मागून घेतलं नाही.

तिने फक्त एकच गोष्ट धरून ठेवली. तो परत हैदराबादला यावा. चेहरा रोज दिसला नाही तरी चालेल, पण मुलगा आपल्या आभाळात असावा. दादा अर्ज करत होता. आई सोमवार करत होती. बाबा दोन्हीवर विश्वास नसल्यासारखं दाखवत आणि पोस्टमनची वाट पाहत.

त्याच काळात राज्यांचीही फेररचना आली. बाबा भाषावार प्रांतांच्या बाजूचे. रविवारच्या बैठकीत ते वकीलसाहेबांना तासन्‌तास पटवत की लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालला पाहिजे. वकीलसाहेब पान लावत ऐकत आणि म्हणत, "रावसाहेब, जहाजां का रंग उतारे तो तुम रोये. अब रियासत का रंग उतारते तो ताली बजारे."

"विमानाला मातृभाषा नसते," बाबा म्हणाले.

अखेर संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, आणि जिल्ह्यांच्या मागोमाग मराठी नोकरही वाटले गेले. बाबांना हुकूम आला, औरंगाबाद. आणि त्याच पंधरवड्यात दादाची तार आली की त्याची बदली परत हैदराबादला झाली आहे.

दोन खात्यांनी, एकमेकांना न विचारता, आमच्या आईचं मागणं इतक्या चोख पद्धतीने पुरं केलं होतं. बाबांनी तार दोनदा वाचली आणि चष्मा पुसत बसले. वकीलसाहेब आले, उंबऱ्यातच म्हणाले, "मांगे सो मिल गया ना? अब मुँह कायकू लटकाते?" मग बाबांचं तोंड पाहून आत आले आणि पान न लावताच बसून राहिले.

"मी राहते इथे पोरांपाशी," आई म्हणाली. मी कॉलेजात शिकत होते, मला राहणं भागच होतं.

"राहा," बाबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "मला चहा करता येतो."

त्यांना चहा करता येत नव्हता. आईला ते माहीत होतं. तिने त्या संध्याकाळीच डबे रिकामे करायला घेतले.

काचीगुडा स्टेशनवर गाडीत सामान चढवलं तेव्हा दादा कलकत्त्यात मिळालेल्या नव्या कंपनीच्या निळ्या गणवेशात होता. तिकडून येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. बाबा खिडकीजवळ वर्तमानपत्र उघडून बसले, उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हते. आईने खिडकीच्या गजांतून दादाच्या बाहीवरून हात फिरवला. तो निळा तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला असावा.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली. "जा आता. ड्यूटी असेल."

"आज नाही. तुला दाखवायला घातलाय."

"मग उद्या असेल. झोप हवी. जा."

आमच्या घरात निघून जाणारा नेहमी दादाच. निरोप घ्यायचा कसा हे त्याला माहीत होतं. द्यायचा कसा, मागे उभं कसं राहायचं, ते त्याला येत नव्हतं. गाडी हलली तसा तो दोन पावलं बरोबर चालला, थांबला, पुन्हा चालला. त्याने हात वर केला, आणि शेवटचा डबा वळणाआड गेल्यावरही तो खाली कधी घ्यायचा हे त्याला कळेना. मीच त्याचा हात धरून खाली आणला.

"आता?" तो म्हणाला.

"आता घरी," मी म्हटलं.

मग दोघांच्याही लक्षात आलं की जामबागच्या घराची किल्ली आम्ही सकाळीच घरमालकाला देऊन आलो होतो. मला नारायणगुड्याच्या वसतिगृहाकडे जायचं होतं, त्याला बेगमपेटला, कंपनीने दिलेल्या खोलीवर. स्टेशनबाहेर दोन्ही बस एकाच थांब्यावर लागायच्या. त्याची आधी आली. त्याने ती सोडली. पुढची आली, तीही सोडली. मग माझी आली.