पंचाचा कान

रेगेन्सबर्गच्या फुफ्फुसांच्या डॉक्टरकडे बाबांना एका नळीत फुंकायचं होतं. एका दमात, संपेपर्यंत. नर्स शेजारी उभी राहून "वायटर, वायटर" करत होती आणि मी "अजून, बाबा, अजून" करत होतो. ते लगेच थांबले. तीनदा तसंच झालं.

डॉक्टर माझ्याशी जर्मनमध्ये बोलल्या. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, आता फारसा इलाज नाही. विमानात बसवायचं तर ऑक्सिजन देऊन येत्या दोन आठवड्यांत बसवा, नंतर मी परवानगी देणार नाही, म्हणाल्या. माझ्याकडे आलेल्या आई-बाबांचं बेळगावला परतायचं तिकीट सहा आठवड्यांनंतरचं होतं.

"काय म्हणाल्या रे?" बाबांनी विचारलं.

"थोडा दम कमी पडतोय. गोळ्या देतायत."

मला ते माझ्याजवळ हवे होते, एवढंच. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. मी पार्किंगची चिठ्ठी शोधली आणि गाडी काढली.

खरं तर या माणसापुढे खोटं टिकणारच नव्हतं. बाबा वीसेक वर्षं बेळगावकडे कबड्डीचे पंच होते. लाल मातीचं मैदान, भोवती घसा फोडून ओरडणारी चार गावं, आणि त्या गलक्यात चढाई करणाऱ्याचा "कबड्डी, कबड्डी" नेमका कुठे तुटला ते बाबा कानाने पकडायचे. हल्लीचे मॅटवरचे, बूट घालून, तीस सेकंदांच्या चढाईचे सामने आम्ही मोबाइलवर बघायचो. "घड्याळ बघायला पंच कशाला पाहिजे?" म्हणून बाबा नाक मुरडायचे, आणि सामना मात्र एकही सोडायचे नाहीत.

घरी जिना चढताना ते दोनदा थांबले. आई आत आडवी झाली होती. बाबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले, मी चहा ठेवला.

"एकदाच खोटा निर्णय दिला मी," ते म्हणाले. "आपल्याच गावचा गडी होता. दम तुटलेला ऐकला, आणि ऐकलाच नाही असा उभा राहिलो. आपला होता ना." मग बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. "तिकीट अलीकडचं कर. मला घरी जायचंय."

"इथे राहा ना, बाबा."

"नको."

मी चहा गाळला. लॅपटॉप उघडून दोघांची तिकिटं बदलली, ऑक्सिजनचा फॉर्म भरला, व्हीलचेअर सांगितली. ऑफिसचं काम उरकावं तसं सगळं नीट केलं.

म्युनिकच्या विमानतळावर आई रडली. बाबांनी व्हीलचेअरमधून नुसता हात वर केला. बोलण्यात दम घालवायचा नव्हता, घरापर्यंत पुरवायचा होता. तो पुरला, वर पंधरा दिवस उरला. बेळगावला जायची माझी रजा त्याच्या पुढच्या आठवड्यापासून मंजूर झाली होती.