बेन्त्सिवामावशीची कवळी

विनेबा गावच्या किनाऱ्यावर बेन्त्सिवामावशी केंके विकते. आंबवलेल्या मक्याचे गोळे मऊ, सोबतचा मासा कडक आणि निवडत बसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी जीभ मिरचीहून तिखट. हसली की पुढच्या दोन दातांमधली फट दिसते. इकडे अशी फट म्हणजे रूपाची खूण, त्यामुळे निम्मं विनेबा त्या हसण्यावर फिदा.

ते दातच खोटे, हे एकट्या मावशीला ठाऊक होतं. तेविसाव्या वर्षी, ताकोराडी शहरात कामाला असताना, तिचे पुढचे दात हलले, एकमेकांपासून सरकले आणि गळाले. कवळी करताना तिनं फट मुद्दाम सांगून ठेवून घेतली आणि तशीच गावी परतली.

यंदा सोळा वर्षांच्या भाचीच्या, ओतुवाच्या दातांत फट पडू लागली. आई न्यार्कोआ हरखली. "मावशीवर गेली गं पोर," म्हणत तिनं लेकीला गल्लीभर दाखवून आणलं. मावशीला मात्र स्वतःचे सरकलेले दात आठवले. हिरड्यांतून रक्त येतंय, एवढं निमित्त काढून तिनं दोघींना दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर क्वान्साबाई प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा बोलतात. "हिच्या हिरड्यांत जंतू आहे... तसा तो पुष्कळांच्या तोंडात असतो. काही घराण्यांत... शरीराचे पहारेकरीच जन्मतः वेगळे. गावाची राखण करणाऱ्या आपल्या आसाफोच्या गड्यांसारखे. चोर एक, धावले साठ. चोर निसटतो, कुंपण मोडतं. इथं कुंपण म्हणजे दाताखालचं हाड. आत खोलवर साफ करावं लागेल. घरात तरुणपणी कुणाचे दात पडलेत?"

"छे!" न्यार्कोआ उसळली. "आमच्याकडे फटी असतात, डॉक्टर. देणगी आहे ती, खरवडून नाही घालवायची. ऊठ गं."

"आई, दात हलतोय."

"हलू दे. जागा करतोय."

दार उघडंच होतं. बाकावर मावशीची तीन रोजची गिऱ्हाइकं कान टवकारून बसलेली. न्यार्कोआ आता उठून गेली तर पोरीचे दात गेलेच, हे मावशीला कळत होतं. तिनं अंगठा तोंडात घातला आणि कवळी काढून टेबलावर ठेवली.

"ही बघ देणगी," ती म्हणाली. शब्दांतून वारा सुटत होता. "ताकोराडीत बनवलीय."

न्यार्कोआनं आधी कवळी पाहिली, मग बहिणीचं तोंड. "इतकी वर्षं?"

"एकोणतीस. माझ्या हातात कधी मक्याचं कणीस बघितलंयस?"

पहिली ओतुवा फिस्सकन हसली. मग बाकावरून आवाज आला, "तरीच मावशी मासा आम्हालाच खायला लावते."

"घाल ती आत, लोक बघतायत," न्यार्कोआ कुजबुजली.

"बघू देत. आधी हिच्या तोंडात बघा."

न्यार्कोआनं लेकीला स्वतः खुर्चीवर बसवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: आईची बहीण, तेविसावं वर्ष.

सफाई झाली, औषधं झाली, पाच-सहा महिन्यांत दात घट्ट बसले. फट थोडी राहिली, त्यामुळे आईही खूश. आता एखादी पोर नवी फट मिरवत टोपलीशी आली, की मावशी केंके देण्याआधी बोटानं तिचा दात हलवून बघते. मागे रांग खोळंबते, ओरडते. मावशी ढिम्म हलत नाही.